ताट कुणाला जातं?

अध्यक्षस्थानी विराजमान असलेले आसुक्रोमचे राजे, आमचे नाना, व्यासपीठावरचे जिल्हा विमा कचेरीचे साहेब आणि सरकारी दवाखान्याचे डॉक्टर आन्तो, बाजार सांभाळणाऱ्या राणीमाता, साती कुळांचे प्रमुख, आज आपला निरोप घेणाऱ्या सत्कारमूर्ती मॅडम दुफी, आणि ‘हा म्हातारा कधी बसतो’ अशा चेहऱ्याने वारा घेत बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

संयोजकांनी मला तीन मिनिटं दिली आहेत. तीन मिनिटांत आमच्याकडे कुणी घसासुद्धा साफ करत नाही. तेव्हा नाना, आपण झोपलात तरी चालेल, पण मला मधे बसवू नका!

मॅडम दुफी अकरा वर्षांपूर्वी इथे आल्या. हातात एक जाड वही, पायात पुरुषी बूट. मी ओपान्यिन ग्याबा, एका कुळाचा प्रमुख, तेव्हा माझ्या कोकोच्या बागेचा मला माज होता. मी शेजाऱ्याला म्हणालो, “ही बाई पावसाळ्यापर्यंत टिकायची नाही.” शेजारी आज हयात नाहीत, पण मॅडम आहेत.

त्यांचं काम काय होतं? ज्यांची ऐपत आहे त्यांनी वर्गणी भरून आरोग्य विम्याचं कार्ड घ्यायचं, आणि ज्यांची अजिबात नाही त्यांना सरकार ते फुकट देणार. मात्र निराधारांच्या यादीवर कुळप्रमुखाची सही हवी. मॅडम दोन महिने दारोदार फिरल्या आणि त्रेचाळीस नावं लिहून आणली.

आणि मग त्यांनी एक चूक केली. त्या बाहेरच्या, त्यांना काय ठाऊक? गावाशी संबंध असलेला कागद आधी नानांच्या वाड्यावर द्यायचा, हे त्यांना कुणीतरी सांगितलं. वाड्यावर आलेला कागद दुसऱ्या दिवशी पहाटे दवंडीने गावभर जातो, हे मात्र कुणीच सांगितलं नाही. झालं! कोंबडा आरवायच्या आत साऱ्या गावाने ऐकलं, अमक्या कुळाचा अमका निराधार, तमक्या कुळाची तमकी निराधार.

आमच्यात निराधार म्हणजे काय, हे इथे कुणाला सांगायला नको. ज्याला कूळ नाही तो निराधार. म्हणजे मॅडमनी त्रेचाळीस माणसांना नाही, साती कुळांना शिवी घातली होती! दुपारपर्यंत आम्ही सातही जण मॅडमच्या कचेरीत. सगळ्यांत मोठा आवाज माझा.

“बाई, माझ्या कुळात निराधार कुणी नाही!”

“ओपान्यिन, तुमच्या बहिणीच्या पायाला जखम आहे. कार्डाशिवाय ती दवाखान्यात जात नाही.”

“माझी बहीण आहे ती. मी मेलोय का?”

मी पेन मागितलं आणि माझ्या हाताने नाव खोडलं. फोसुआ, माझी धाकटी बहीण. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. बाकी सहा जणांनीही आपापल्या कुळातली नावं खोडली. संध्याकाळी यादीत शून्य माणसं उरली. अख्ख्या जिल्ह्यात एकही गरीब नसलेलं गाव कोणतं, तर आमचं आसुक्रोम!

दुसरी एखादी बाई असती तर बदली मागून गेली असती. मॅडमनी काय केलं? त्या आमच्या घरी जेवायला यायला लागल्या. बोलावणं नाही, आमंत्रण नाही. संध्याकाळच्या जेवणाचा फुफू कुटण्याच्या वेळेला बरोब्बर हजर. माझी बायको म्हणायची, “या बाईंना सरकार पगार देतं की नाही?” जेवता जेवता त्या एकच विचारायच्या.

“ओपान्यिन, तुमच्या घरातून संध्याकाळी कुणाकुणाला ताट जातं?”

आता हा प्रश्न कुळप्रमुखाला विचारल्यावर तो गप्प बसेल? मी बोटांवर मोजून सांगितलं, अमक्या म्हातारीला जातं, तमक्या आंधळ्याला जातं, आणि फोसुआला तर एक दिवस चुकत नाही! माझी छाती फुगलेली. त्या खाली मान घालून लिहीत होत्या. साती घरांत मिळून एकसष्ट नावं निघाली. कोण गरीब म्हणून विचारलं तेव्हा एकही नाही, आणि कुणाला देता म्हणून विचारलं तेव्हा एकसष्ट!

मग त्या सहीला आल्या, एकट्या, दार लोटून. कागदावर सरकारने ‘निराधार’ असंच छापलं आहे, तेही त्यांनी लपवलं नाही, वाचून दाखवलं. मी परत उसळलो. तेव्हा या मवाळ दिसणाऱ्या बाई मला म्हणाल्या, “ती मेली की तुम्ही मंडप घालाल, खुर्च्या मांडाल, सगळ्या कुळाला काळे-तांबडे कपडे शिवाल. तीन दिवस बँड वाजेल. ओपान्यिन, तिच्या पायाला पट्टी कोण बांधणार?”

मी सही केली. पण पहिल्या यादीला तोवर चार महिने झाले होते. डॉक्टर आन्तोंनी फोसुआचा पाय वाचवला, तीन बोटं गेली. मी त्यांना विचारलं, आधी आणली असती तर? डॉक्टर भले गृहस्थ, खिडकीबाहेर बघायला लागले.

हे मी आजवर कुठे बोललो नाही. मॅडमही अकरा वर्षांत चकार शब्द बोलल्या नाहीत. भेटल्या की आधी फोसुआची खुशाली विचारायच्या, मग माझी. आज या गावात साडेतीनशे निराधारांकडे कार्ड आहे. बाळंतपणाला, तापाला, ऑपरेशनला माणूस ताठ मानेने दवाखान्यात जातो. शेजारच्या गावांचे अधिकारीही हल्ली जेवायच्या वेळी टपकतात म्हणे. बाई, तुम्ही जिल्ह्याला वाईट सवय लावलीत!

आणखी एक सांगतो आणि बसतो. माझ्या कोकोला रोग लागला. दोन वर्षांपूर्वी सगळी झाडं तोडावी लागली. बायकोही गेली. माझी मुलं शहरात आहेत, त्यांचं त्यांनाच पुरत नाही. फोसुआ लंगडत का होईना, चौकात केळी भाजून विकते आणि बरं चाललंय तिचं. गेल्या महिन्यात मॅडम त्यांची शेवटची यादी घेऊन माझ्या सहीला आल्या. बारावं नाव माझं होतं.

मी म्हणालो, “हे कुणी दिलं?”

मॅडम म्हणाल्या, “ज्यांच्या घरून तुम्हाला ताट येतं, त्यांनी.”

पेन माझ्या हातात होतं. खोडायला एक रेघ पुरते. मी खाली सही केली.

मॅडम दुफी, सारं आसुक्रोम तुमचं ऋणी आहे. नाना, व्यासपीठावरचे मान्यवर आणि एवढा वेळ बसून राहिलेले तुम्ही सगळे, तुमचे आभार. मानपानात, बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर म्हाताऱ्याचं म्हणून सोडून द्या.

एक माफी मात्र नुसती रीत म्हणून मागत नाही. फोसुआ, मागच्या रांगेत बसली आहेस, उठू नकोस, पाय दुखेल. तुझं नाव मी खोडलं होतं. माझं तू घातलंस. मला माफ कर, बाई.