हरभऱ्यातले तिघे गवई

मंगरूळपीरच्या स्टँडवर बबनराव मांडीवर भोंगा घेऊन बसले होते. हरभऱ्यातून रोही, म्हणजे नीलगायी, हाकलायला ते त्यात आवाज भरून तो शेतात लावत. शेजारी त्यांच्या गोजराबाई. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या अनोळखी वैजयंतीबाईंचं पुस्तक या दोघांच्या बोलण्यापायी एकाच पानावर अडलं होतं.

“दुकानदारानं कुत्र्याचं भुंकनं भरून देल्लं ना?” गोजराबाईंनी विचारलं.

“देल्लं.”

“आन ते सुटाबुटातले तिघं इलायती गवई? पुसले?”

“त्याइनं तुयं काय बिघडवलं वो? नातीनं भरून देल्ले, तं आठ दिवस एक रोही फिरकला नाई.”

“नवव्या दिवशी आले ना! गानं आयकत आयकत अर्धा एकर चरले. आन तुमी वावराच्या धुऱ्यावर डोये मिटून बसेल!”

“आधी त्याइच्या नाटकातलं गानं, मंग तिकडच्या खेड्यापाड्यातलं. एकाचा दम सरला का दुसरा उचलते. आपल्या भजनात कोनी असं सांभाळून घेते काय?”

“शब्द समजते?”

“नाई. पन कोनीतरी घरी बलावून राह्यलं, असं वाटते.”

“रोह्याइले बी तसंच वाटलं असन.”

“मंग जाऊ, पुसून आनू?”

“राहू द्या,” गोजराबाई म्हणाल्या. “वावरात कुत्रे लावा. गानं घरी, मी भाकरी टाकतो तवा. शेवटी तिघं संगं उचलते, ते पयले लावजा.”

“ते तुले कसं मालूम?”

“मी बी धुऱ्यावरच होती. तुमचे डोये मिटेल होते, म्हनून दिसली नाई.”