किचन बंद आहे, ताई

—बंद म्हणजे बंदच ताई, गॅस बंद, किचन बंद, मीसुद्धा बंद. आणि जरा हळू बोला. तिकडे निंबाखाली बाजेवर जे घोरून राहिलेत ना, ते माझे बाबा आहेत, ते उठले तर तुमची सुटका नाही, माझी तर नाहीच नाही. पाणी देते की, पाण्याला कोण नाही म्हणतं— घ्या, माठातलं आहे. बूट तेवढे काढू नका. काढले? बरं. बघू— अगं माय, टाचेची पार साल निघालीय तुमच्या! चिखलदऱ्याहून जुन्या पायवाटेनं उतरलात ना? सगळे तसेच येतात. सकाळी आमच्याच अंगणात गाडी लावायची, जीपनं वर जायचं, दऱ्या बघत बघत पायी खाली यायचं, आणि खाली आलं की पहिला शब्द— बिअर थंड आहे का, आणि दुसरा— खायला चांगलं काय मिळेल. चांगलं ना? चांगलं परतवाड्याला मिळतं. गाडी आहे तुमची, जा सरळ खाली.

घाट संपला की डाव्या हाताला एक धाबा लागेल, हिरव्या लायटींचा. फार छान आहे. म्हणजे— बिअर थंड असते. असते कधी कधी. पनीर घेऊ नका. डाळ घ्या, डाळीला वास येत नाही लवकर. आणि बाईमाणसाला ते बाहेर बसू देत नाहीत, फॅमिली रूममध्ये नेऊन बसवतात— प्लायवूडचे खोके असतात ते, पुढे पडदा, त्या पडद्याला आजवरच्या सगळ्या गिऱ्हाइकांनी हात पुसलेले, अन् आत फॅमिली म्हणाल तर झुरळांची. पण पोट भरतं, ताई. वर डोंगरावरचं ते रिसॉर्ट सोडूनच द्या, तिथं भाकर मागितली की वेटर खाली मान घालून टॅबवर शोधत बसतो.

आमच्याकडेही होते तसले पडदे. मी काढले. एका दुपारी सगळे ओढून काढले आणि जीपवाल्यांना टायर पुसायला देऊन टाकले. बाबा रुसले, जेवले नाहीत. म्हणे, "बाया उघड्यावर बसून बिअर पेतीन तं आपलं नाव काय राहीन, पोरी?" मी म्हटलं, आपलं कुठलं बाबा, नाव तर तुम्ही माझं लावलंय! बघा ना तो बोर्ड, रस्त्याकडचा— प्राजक्ता गार्डन रेस्टॉरंट, परमिट रूम. ती प्राजक्ता म्हणजे मीच. शाळेतही जात नव्हते तेव्हा. लोक पोरीचं नाव मोटरसायकलवर लिहितात, किराणा दुकानाला देतात, आमच्या बाबांनी, खुशालरावांनी, बिअर बारला दिलं. प्रेमानं हो! प्रेमानंच दिलं, तेच तर दुखणं आहे. कॉलेजला अमरावतीला गेले तर पोरं माझ्यासमोर एकमेकांना विचारायची, काय बे, रविवारी प्राजक्तात बसायचं का? आणि स्थळं— पाव्हणे येतात, खुर्चीवर टेकतात, मान वर करून बोर्ड वाचतात, चहा पितात अन् जातात. एक जण तर चहाही नाही प्याला. क्वार्टर मागितली त्यानं.

काय? ती बॅग? ती धोब्याची आहे. कपडे द्यायचेत. हो, एवढे. हो, चपला पण. काय ताई, पुण्याच्या लोकांना सगळंच बघायचं असतं का? —बरं, नाही धोब्याची. माझी आहे. नाशिकला एक कंपनी आहे, मसाले-लोणची करणारी, तिथल्या लॅबमध्ये नोकरी लागलीय मला. उद्या सकाळी हजर व्हायचंय. फूड टेक्नॉलॉजी शिकलेय मी, कांदे चिरायचा डिप्लोमा नाही केला! आता वरून शेवटची काळीपिवळी उतरेल— जीप हो, सीटवाली— ती परतवाड्याला सोडेल, तिथून एसटी, मग बडनेऱ्याहून रात्रीची गाडी. आई आणि आत्या धामणगावला लग्नाला गेल्यात. बाबा जेवून झोपलेत. दुपारचा ग्रुप आत्ताच गेला. आणि नेमक्या तुम्ही आलात. म्हणून म्हणतेय, जा, खरंच जा.

पळून कशाला जाईन? काय चोरी केलीय मी? सांगितलं ना त्यांना, एकदा नाही, कितीदा तरी. पहिल्यांदा सांगितलं तर बाबा म्हणाले, "जाय ना माय, तुले कोन अडोलं?" आणि त्याच आठवड्यात अकोल्याच्या वॉकिंग ग्रुपचं बुकिंग घेऊन ठेवलं, पूर्ण बस! "तेवढं उरकून जाय." मग पुढच्या वेळी त्यांच्या छातीत दुखलं. गॅस होता. डॉक्टर म्हणाला गॅस आहे, पण घरात जो तो माझ्याकडे असा पाहून राहिला होता, जसं काही तो गॅस मीच भरलाय. त्यानंतर विषय काढला तर बोर्ड नवा करून आणला, त्यावर माझा फोटो, डोक्यावर उंच पांढरी टोपी— मी आयुष्यात घातली नाही तसली टोपी! नाही म्हटलं असतं ना ताई, तर मी भांडले असते. भांडता येतं मला, पडद्यांना विचारा. पण ही माणसं नाही म्हणतच नाहीत. कौतुक करतात. "आमच्या प्राजूच्या हाताले काय चव हाये!" येणाऱ्याला सांगतात, जाणाऱ्याला सांगतात, आत्या तर दृष्ट काढते माझी, या कढईजवळ उभी करून. आता कौतुकाशी कसं भांडायचं? काय उत्तर द्यायचं त्याला? शिकलेली आहे मी, पण हे काही शिकवलं नाही हो कोणी.

तुम्हीही मोबाईलवर वाचूनच आलात ना? पाटवडी. हं. सगळ्यांना पाटवडीच पाहिजे. तिथल्या रिव्ह्यूंत खाली एकच स्टार देणारा कोणी आहे, 'मेळघाट मुसाफिर'— वाचलात? तो मीच आहे. हसू नका, बाबा उठतील! लिहिलं मी, बिअर कोमट, भाजीत केस, मुलगी उद्धट. उद्धट खरं होतं. म्हटलं, गर्दी कमी होईल, गर्दी कमी झाली की किचन बंद करतील, नुसती बिअर विकतील, मग मला कशाला ठेवतील? पण शेवटी राहवलं नाही— 'पाटवडी मात्र उत्तम' असं टाकून बसले. बसले बाई, काय करू, खोटं तरी किती लिहायचं? त्याखाली लोक भांडायला आले. केस निघूच शकत नाही म्हणे, आम्ही स्वतः खाल्लंय. पुढच्या रविवारी उभं राहायला जागा नव्हती इथं.

उठू नका त्या पायावर! —बरं, हे घ्या, बिअर देते. बिअर द्यायला गॅस लागत नाही. माईल्ड संपली, सकाळच्या लोकांनी संपवली, स्ट्राँग आहे. आणि हे फल्लीदाणे, भाजलेले. सावकाश प्या. सकाळपासून काय खाल्लंय? बिस्किटं? चार तास तंगड्या तोडत डोंगर उतरल्या आणि बिस्किटं! काय माणसं आहात तुम्ही. आणि आता त्या हिरव्या लायटीखाली जाऊन ते पनीर खाणार. खा. मला काय करायचंय.

...

वड्या आहेत म्हणजे. थापून, कापून ठेवलेल्या आहेत, संध्याकाळच्या. माझं काम उरकूनच निघते ना मी, तशी काही— रस्सा फक्त करावा लागेल. दोन मिनिटांत होतो. वाटण तयार आहे, भाजलेला कांदा, खोबरं, खसखस, काळा मसाला घरचा. जीप आली की हॉर्न वाजवते ती, वळणावरूनच वाजवते. तुम्ही कान ठेवा तिकडे. बसा. दुसरी लागली तर फ्रिज उघडाच आहे, घ्या हातानं, मी आत आहे—

ऐकू येतंय ना आतून? तेल चांगलं तापू द्यावं लागतं, नाहीतर वाटण कच्चं राहतं आणि घशात बसतं. लोक इथंच घाई करतात. त्या धाब्यावर तर वरून रंग टाकतात, लाल पावडर, जीभ दोन दिवस लाल! वास येतोय का? आला ना? आता सांबार— सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर, घाबरू नका, इडलीचं नाही काढत मी. नाशिकच्या लोकांनी मुलाखतीत विचारलं, रश्श्याला तवंग किती वेळात येतो? मी म्हटलं, घड्याळ कोण बघतं, आवाजावरून कळतं. कढई आधी तडतडते, मग कुजबुजते, कुजबुजायला लागली की वड्या सोडायच्या. ते हसले. मला वाटलं गेली नोकरी. पण घेतलं त्यांनी. एकटीनं जाऊन मिळवली हो मी ती, इथं कोणाच्या ओळखीनं नाही. तिथं माझं नाव कोणत्याच बोर्डावर नाही, ताई. नुसतं ओळखपत्रावर, एवढंसं. —आता वडी सोडली, आता हलवायचं नाही, फुटते. भाकर टाकते एक. ज्वारीची आहे. भाताबरोबर नका मागू, भाताबरोबर मी देणार नाही.

हे घ्या. गरम आहे, हाताला जपा. आधी वडी नाही, आधी रस्सा. —बोलू नका, खा.

काय झालं? कसला हॉर्न? कधी? मी फोडणी देत होते तेव्हा? आणि तुम्ही— नाही, तुम्हाला काय माहीत, तुम्ही काय करणार होता. थांबलीच नाही का ती? का थांबेल? रस्त्यावर कोणी उभं असलं तर थांबते ना जीप. मी उभी असते तर थांबली असती. मी कढईपाशी उभी होते.

पाहू द्या वळणापर्यंत. —गेली. धूळसुद्धा खाली बसली.

काय म्हणालात? तुम्ही सोडाल? परतवाड्याला? बडनेऱ्यापर्यंत? खरंच? अहो, मग आधी का नाही— थांबा, बॅग घेते. भाकर हातात घ्या, गाडीत खा, रस्सा मी डब्यात घालून देते, चला, चला लवकर, चप्पल कुठं गेली माझी— ही बाटली कुणाची? पहिली तर मी नेली आत. ही दुसरी? आणि तीही रिकामी? हो, मीच म्हटलं होतं, फ्रिज उघडा आहे. मीच म्हटलं. स्ट्राँग, उपाशी पोटी, अन् पुढे घाट. नाही ताई. ठीक नाही तुम्ही. बारवाल्याची पोर आहे मी, 'मी एकदम ठीक आहे' हे वाक्य रोज ऐकते, ते म्हणून गेलेल्यांना दरीतून काढायलाही बाबाच जातात टॉर्च घेऊन. मी बसणार नाही, आणि तुम्हालाही जाऊ देणार नाही. किल्ली द्या इकडे. द्या म्हणते ना!

मी? मला नाही येत चालवता. शिकते म्हटलं होतं एकदा. "शिक ना माय, कोन अडोलं तुले?" झालं, मग सीझन सुरू झाला. दुसरी गाडी? अहो, रविवारी या वेळी घाटावरून उतरणारी एकूण एक गाडी इथंच थांबते, ताई. जेवायला. का थांबते ते आता तुमच्या ताटात आहे. ती बघा, बोलेस्तोवर वळलीच एक आत. पांढरी. अकोला पासिंग. मागे अजून एक आहे. उतरले बघा, बाया, पोरं, सगळ्यांचे पाय धुळीनं भरलेले. आणि आली बाबांना जाग. फोडणीच्या वासानंच उठले असतील ते, गाडीच्या आवाजानं नाही उठत कधी. ऐका— "या या, बसा, बसा! पाटवडी ना? गरम हाये, आत्ताच केली पोरीनं!" पाहिलं? माझ्या आधी त्यांना माहीत असतं मी काय केलंय ते.

इकडे येताहेत. तुम्ही काही बोलू नका. —हो बाबा. हो, पुण्याच्या आहेत, पायाला लागलंय त्यांच्या. झोपतील थोड्या आईच्या खोलीत. हो. किती माणसं आहेत? —ती बॅग? नाही... असेल कुणाची तरी.

...

नेली. ऐकलंत ना काय म्हणाले? "पाव्हण्याची असंन, आत ठेवून देतो माय, हरवाले नोको." केवढी जपून नेली, बघा, दोन्ही हातांत धरून, पट्टा लोंबू न देता. त्यांना माहीत नाही असं वाटतं तुम्हाला? अमरावतीला कॉलेजला निघाले तेव्हा त्यांनीच घेऊन दिली ती. दुकानात तासभर चेन उघडून-लावून पाहत होते, पोरीला त्रास व्हायला नको म्हणून.

—आले, बाबा! कांदा चिरलेला आहे, पीठ काढा तुम्ही!

आता माझ्याकडे काय पाहून राहिल्या? पाहू नका. गार होतंय ते. खा.