चहाला न शिवलेली तपासनीस

…हरले ते हरले, पण चहाला शिवले नाही हं मी!

तुम्हाला सांगते, आमच्या गुणमालाबाई सांगलीच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवतात, आणि बाई कसली, वीज! अणुभट्टीतला माल चोरून कुणी बाँब करू नये म्हणून तपासनीस असतात ना, त्यांना शिकवायचं काम बाईंकडे आलं! साहेबलोक म्हणे पेटीवरची मोहोर, म्हणजे सील, कशी तपासायची तेवढंच शिकवत होते. बाई म्हणाल्या, "मोहोर फुटायच्या आधी माणसाचं लक्ष फुटतं!" वा! आमच्या हंबीररावकाकांना जन्मात सुचेल? त्यांचं एकच, "पोरीच्या जातीला बाँब कशाला?"

बाईंना त्या शिकवणीसाठी मुंबईला एक मदतनीस न्यायची होती. मला जायचंच होतं, नाहीतर घरी पाहुणे बघायला येणार होते… मला! मग परीक्षा. तासगावात बाईंच्या ओळखीच्या आदगोंडाअण्णांची बेदाण्याची शेड, तीच अणुभट्टी समजायची. आत मोहोर लावलेली पेटी. तिच्यावरून नजर हलवायची नाही, बास! बाईंनी आधीच बजावलेलं, "आपल्याकडे लक्ष फुटतं ते चहात. कपाकडे मान वळली की माल गेला!" किती खरं!

आले अण्णा. "च्या घे की गं." नको! "घोटभर?" नको! "कुणाच्यातली गं तू? हंबीररावाची पुतणी न्हवं?" नजर पेटीवर! चहावर साय धरली, अण्णा रडकुंडीला आले, पण शिवले नाही हं मी!

मग अण्णा त्यांच्या गुंडा नावाच्या गड्याला हळूच म्हणाले, "ऱ्हाऊ दे रं. बायकांस्नी काय कळतंय अणु-बिणु?"

काय? काय म्हणालात?… फिरले की मी! त्यांची अक्कल काढली, मिशा काढल्या, आवाज पार एसटी स्टँडपर्यंत! तर दारात बाई टाळ्या वाजवताहेत. म्हटलं, भाषण आवडलं! मागं बघते तर… पेटी घेऊन गुंडा बाहेर!

अहो, ते वाक्य बाईंनीच अण्णांना पढवलेलं! म्हणाल्या, "अगं, इतरांचा चहा कपात असतो, तुझा नाकावर!" काय बाई आहे! राग यायला हवा होता, पण पायच धरावेसे वाटले.

आणि नेणार आहेत हो मला मुंबईला! तपासनीस पेटीवर नजर ठेवून उभे असले, की त्यांच्याशी कडाकडा भांडायला. पगारी!

काकांना सांगितलं, तर म्हणतात, "आत्ता गं! घरात तर फुकट करत हुतीस की!"