आबांना शेतकरी होता आलं नाही

इथे नेदरलँड्समध्ये, एनस्खेडेत, आमच्या शेजारी एक वयस्कर चित्रकार राहतात, त्यांनी आमच्या आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, नापास केलं, हे सांगितलंय का तुम्हाला? जुन्या काळातले इथले शेतकरी आणि या भागाचा इतिहास, एवढंच ते रंगवतात. मागच्या उन्हाळ्यात आबा गावाहून आले होते. आबांचा जन्म उसाच्या रानात गेला. म्हटलं, चित्रकारांना खरा शेतकरी दाखवू या.

चित्रकारांनी आबांना बटाट्याच्या टोपलीशेजारी उभं केलं, लांबून पाहिलं आणि मला इंग्रजीत म्हणाले, "शेतकरी वाटत नाहीत हो. फारच ताठ उभे राहतात."

हे आबांना मराठीत कसं सांगावं, या विचारात मी पाठीला पोक काढून मांडीवरच्या लॅपटॉपमध्ये तोंड घातलं.

"तसेच थांबा," चित्रकार म्हणाले. त्यांनी अलगद माझा लॅपटॉप काढला आणि हातात कुदळ दिली.

मी म्हटलं, "अहो, त्या काळी इथे माझ्या रंगाचा शेतकरी कुठला?"

"रंग ट्यूबमध्ये मिळतात. अशी मोडलेली पाठ कुठे मिळते?"

आबांना त्यांनी जमीनदार केलं. पिसाची टोपी घालून आबा खुर्चीत, आणि समोर मी वाकलेला. चार दिवस. मधूनमधून आबा सांगायचे, "कुदळ उलटी धरलीस."

शेवटच्या दिवशी आबांनी त्याच टोपीत आईला व्हिडिओ कॉल लावला.

आई म्हणाली, "ते टोपीचं ऱ्हाऊ द्या. पोरगं कुठाय?"

आबांनी फोन माझ्याकडे वळवला. "हे बघ की. आपल्याच रानात लावलंय कामाला."