म्हशीनं सोडलेला बुडखा

कराकरा चावण्याचा तो आवाज इतकी वर्षं झाली तरी माझ्या कानात आहे. शेजारच्या बापूची म्हैस दावं तोडून माझ्या कोबीत शिरली होती. बाकीचा कोबी रोगानं गेलेला, एकच झाड हिरवंगार उरलं होतं. माझ्या लेकीनं, सुमननं, त्याला खूण म्हणून लाल दोरा बांधला होता. म्हशीनं नेमकं तेच खाल्लं, दोऱ्यासकट.

सुमन इस्लामपूरला टिश्यू कल्चरच्या लॅबमध्ये कामाला. तिनं उरलेला बुडखा ओल्या फडक्यात गुंडाळला. म्हणाली, "आबा, ह्याच्या बारीक फोडी करून बाटलीत रोपं वाढवते."

बापू खो खो हसला. "आगं, म्हशीच्या पोटातला कोबी बाटलीत कसा यायचा? एक जरी गड्डा धरला तर म्हशीला साखळी बांधतो बघ!"

पहिल्या बाटल्यांत बुरशी आली. पोरगी दोन दिवस नीट जेवली नाही. पण तिनं पुन्हा फोडी लावल्या. शेवटी बोटभर रोपं घेऊन घरी आली. मी ती तान्ह्या बाळागत जपून लावली.

दोन सऱ्या गड्ड्यांनी भरल्या तेव्हा बापू बांधावर आला. एकाही पानाला रोग नव्हता.

"लय झ्याक आलाय. बी कुठनं आणलं गं, सुमन?"

"बी न्हाई काका. तुमच्या म्हशीनं सोडलं हुतं तेवढंच."

मी घरातनं नवी साखळी आणून त्याच्या हातात दिली. बापूनं ती खांद्यावर टाकली आणि गोठ्याकडं निघून गेला.