कृत्तिकेचं स्थळ

...नाही, मला सांगा, ज्या माणसाने अख्खं गाव जाळलं, माणसांसकट, गोठ्यातल्या म्हशींसकट, त्याच्याशी मी माझ्या कृत्तिकेचं का म्हणून जुळवू? तर म्हणे, त्याचं बालपण वाईट गेलं. शी! किळस आली मला. पण बोलले नाही. मी बोलते कुठे हो... लग्नाला चार महिने झाले, घोडपदेवच्या या खोलीत 'हो आई' आणि 'चहा टाकू का' याखेरीज तिसरं वाक्य माझ्या तोंडून निघालं असेल तर शपथ.

तुम्हाला सांगते, कृत्तिका म्हणजे माझी जादूगारीण. आम्ही आठजण फोनवर ग्रुप करून जादूगारांची एक गोष्ट लिहितो. एकेकाने एकेक पात्र घ्यायचं आणि त्याच्या तोंडून बोलायचं. लहानपणी असल्या गोष्टींचं वेड लागलं, ते कुणाचं सुटलंच नाही. माझी कृत्तिका सहा वर्षांची आहे, म्हणजे नवऱ्यापेक्षा जुनी. तिने स्वतःच्या गुरूला खिरीतून विष घातलं, कारण तो शिष्यांची आयुष्यं पिऊन तरुण राहायचा, आणि त्याबद्दल तिने आजवर कुणाची माफी मागितलेली नाही. एकदाही नाही! मला तेवढंच तर हवं असतं... मी दिवसभर मीठ जास्त पडलं म्हणून माफी, कमी पडलं म्हणून माफी, नळ माझ्या देखत गेला म्हणून माफी. कुणीतरी एकीने तरी न मागता राहायला नको?

पण ग्रुपची रीत अशी की कुणाचं प्रेम कुणाशी, वैर कुणाशी, हे लिहायच्या आधी फोनवर बैठक बसवून ठरवायचं. ग्रुप चालवते गिरगावची ऋता. ती म्हणाली, कृत्तिका फार कोरडी वाटते, तिला प्रेमात पाडू या, मग ती रडेल, पश्चात्ताप करेल, वाचायला किती छान वाटेल. आणि स्थळ कुठलं? नायगावच्या हेमचंद्रचा अग्निवेश! तोच, गाव जाळणारा. तो किल्ल्याच्या तटावर उभा राहून नुसते सुस्कारे सोडतो आणि आमच्या पोरी इकडे 'बिचारा, बिचारा' करत विरघळतात. म्हणजे बघा, गाव जाळणाऱ्याला बालपण, आणि विष घालणारीला पश्चात्ताप. किळस आली मला. पण बोलले नाही.

हे सगळं रविवारी दुपारी, फोन स्पीकरवर, कारण मी कोलंबी सोलत होते. समोर सासूबाई. मी आधीच सांगून ठेवलं होतं, आई, गोष्ट आहे ही, खरं काही नाही. तर एका कोलंबीचं डोकं मोडत त्या म्हणाल्या, "गोष्ट आसली म्हणान काय झाला? चेडू आपला मां?" चेडू म्हणजे त्यांच्या मालवणीत मुलगी. आणि हात पदराला पुसून फोन घेतला.

आता आमच्या या सासूबाईंनी, कौसल्याबाईंनी, चाळीतल्या बावीस लग्नांच्या बैठका निभावल्यात, मुलाकडच्यांना घाम फोडणं म्हणजे त्यांच्या डाव्या हातचा मळ. त्यांनी हेमचंद्रला विचारलं, जाळलेलं गाव मुलाच्या आईकडचं की बापाकडचं. तिथले उरलेसुरले लोक लग्नाला येणार का, आणि आले तर त्यांना बसवायचं कुणाशेजारी. हेमचंद्रची ततपप झाली. म्हणाला, काकू, पण तो मनाने वाईट नाहीये.

"मनान कोण वाईट आसता? हातान काय केल्यान, ता सांग."

माझा नवरा, अजित, पेपरातून डोकं काढून आईकडे बघतच राहिला. आमचा चेडू रडूचा नाय, असं बजावून त्यांनी स्थळ परत पाठवलं. मला अगदी भरून आलं हो. चार महिन्यांत पहिल्यांदा वाटलं, आपलं माणूस आहे घरात.

आणि तिथेच चुकले. ऋता लाडात येऊन म्हणाली, काकूंना पण ग्रुपमध्ये घेऊ या ना! घेतलं. मंगळवारपर्यंत काकूंनी स्वतःचं पात्र उभं केलं, जोगीणबाय, आणि नातंसुद्धा स्वतःच ठरवून टाकलं, कृत्तिकेची सासू. मी म्हटलं, आई, तिचं लग्नच झालेलं नाही. म्हणाल्या, झालला, घोव वारलो. संपलं! नवरा तोंड दाखवायच्या आत गेला, सासू तेवढी उरली. नवऱ्याशिवाय सासू मिळालेली जगातली पहिली जादूगारीण माझी. किळस आली मला. पण बोलले नाही.

काल जोगीणबायने ग्रुपवर सगळ्यांदेखत कृत्तिकेला विचारलं, "इख घातलस ता घातलस. खिरीत वेलची घातललस?"

सहा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. ओट्यापाशी, मी सकाळी केलेल्या खिरीच्या पातेल्याजवळ, त्या फोन धरून उभ्या, त्यांच्यापासून दोन हातांवर मी फोन धरून उभी, आणि त्या चष्म्यावरून माझ्याकडे बघतायत.

कृत्तिकेने लिहिलं, 'चुकलं, आई.'

ऋताने लगेच लाल बदामांची चित्रं पाठवली, वाचायला छान वाटलं म्हणे. शी! पण बोलणार काय... खोली एकच आहे, आणि वेलची खरंच राहिली होती.