नुसत्या अर्ध्यासाठी

नवऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन चाललेलं. शिंपीणबाई बाहेर बाकावर शर्टाला बटणं लावत बसल्या होत्या. शेजारी बसलेल्या मेहुण्या-दाजींचं बोलणं नको म्हटलं तरी कानावर पडत होतं. आत डोक्याच्या ऑपरेशनला एकाची बहीण होती, तीच दुसऱ्याची बायको.

“दाजी, काहीतरी बोला हो. परवा पत्त्यांत माझं काय चुकलं, तेच सांगा.”

“शेवटच्या पानाच्या आशेवर बसलास.”

“चार छोटी जुळली होती. पाचवं आलं असतं तर जिंकलोच होतो!”

“काय जिंकला असतास? ओमाहा पोकरचा हा डाव वाटणीचा. पॉट म्हणजे मधले सगळे पैसे, त्यातला अर्धा मोठ्या पानांचा, अर्धा छोट्यांचा. त्यात तुझ्यासारखीच छोटी पानं आणखी एकाकडे. म्हणजे तुला चतकोर!”

“मग आशा धरायची कधी?”

“दोन्हीकडचं मिळण्यासारखं असेल तेव्हा. नुसत्या अर्ध्याच्या मागे लागू नये, पानं टाकून मोकळं व्हावं. तुझ्या ताईनंच शिकवलंय मला.”

दार ढकलून सिस्टर आल्या.

“डोक्यात पुन्हा रक्तस्राव होतोय. परत उघडावं लागेल. वाचल्या तरी बोलतील, माणसं ओळखतील, असं डॉक्टर सांगू शकत नाहीत. तुम्ही नको म्हणालात तर...”

“दाजी, ताईला विचारलं असतं, तर ती काय म्हणाली असती?”

“ठाऊक आहे मला.”

“मग?”

“चतकोर मिळाली तरी चालेल, सिस्टर. सही कुठे करू?”